आगीला ओसी लागत नाही

२६/११ ला ताज पेटलेला सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिला. सरकारनेही पाहिला आणि चक्क घाई केली. तीनच महिन्यांत, २००९ च्या फेब्रुवारीत, मानवनिर्मित आपत्तीचा धोका असलेल्या इमारतींसाठी आगसुरक्षेच्या खास नियमांचा मसुदा प्रसिद्ध झाला. हरकती मागवल्या, सूचना मागवल्या. एवढ्या श्रमाने मसुदा दमला असावा, कारण नंतर तो जो आडवा झाला, तो २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेच्या निमित्ताने हाक मारली तेव्हाही मसुदाच होता. तेरा वर्षांत अंतिम अधिसूचना निघालेली नव्हती. न्यायालयाने कान उपटल्यावर मात्र सरकार खडबडून जागं झालं आणि निर्णय घेऊन मोकळं झालं. समिती नेमली.

समितीला नावं ठेवू नयेत. आग विझवायला पाणी लागतं, आगीची चर्चा विझवायला समिती लागते, आणि दुसरी गोष्ट आपल्याकडे कधीच कमी दाबाने येत नाही.

अशा समितीने नियमांचा आढावा घेणं चूक नाही. इमारती साठ मजल्यांवर गेल्या, पार्किंगमध्ये स्कूटर चार्जिंगला लागल्या, घरोघरी एसी आले. नियम बदलायलाच हवेत. पण आपल्याकडे आढाव्याचं वेळापत्रक पंचांगात नसून वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर ठरतं. माणसं गेली की आढावा. बातमी पाचव्या पानावर गेली की आढाव्याचा आढावा. बातमी गेली की चहा.

नियमांचा दुष्काळ नाही

कुणाला वाटेल, बिचाऱ्या अधिकाऱ्यांकडे नियमच नसतील. छे! नॅशनल बिल्डिंग कोड १९७० चा आहे, १९८३ चा आहे, २००५ चा आहे, २०१६ चा आहे. त्याचा चौथा भाग सगळाच्या सगळा आग आणि जीवसुरक्षेवर. १५ मीटरच्या वर गेलात की तुमची इमारत त्याच्या लेखी उंच. राज्याचा स्वतःचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा २००६ चा, त्याचे नियम २००९ चे. मुंबईला विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४, बहुतेक उरलेल्या महाराष्ट्राला डिसेंबर २०२० पासून एकत्रित नियमावली. हे सगळं छापून एकावर एक रचलं तर त्यावर चढून पहिल्या मजल्यावरचा माणूस उतरवता येईल.

बरं, जबाबदारीही नीट वाटलेली आहे. राष्ट्रीय कोड शिफारस करतो, सक्ती करत नाही. सक्तीचं काम राज्याचं, आणि अग्निशमन सेवा राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीप्रमाणे नगरपालिकांकडे सोपवायची. त्यामुळे दिल्ली सुचवते, मुंबई अधिसूचना काढते, महापालिका एनओसी देते, बिल्डर ती ब्रोशरमध्ये छापतो आणि सोसायटी फ्रेम करून ऑफिसात लावते. इतक्या हातांतून गेल्यावर कुठल्या हाताला चटका बसणार?

खरा विषय

आता गंमत सोडून एक खरी गोष्ट. आगसुरक्षा म्हणजे पंप, नळ्या, लाल डबे असं आपण समजतो. हा सगळा किरकोळ खर्च. खरी सुरक्षा म्हणजे मोकळी जागा. रुंद जिना म्हणजे जागा. धूर न साचणारा पॅसेज म्हणजे जागा. बंब फिरेल एवढं अंगण म्हणजे जागा. आणि मुंबईत, ठाण्यात, पुण्यात जागेला चौरस फुटाचा भाव आहे. तेव्हा नियमावलीवरची प्रत्येक बैठक ही आगीवरची बैठक नसतेच. न विकता येणाऱ्या चौरस फुटाचा भुर्दंड कुणी सोसायचा, यावरची ती घासाघीस असते.

अशी एक बैठक डोळ्यांसमोर आणा. शहर कुठलंही घ्या.

उपायुक्त म्हणतात, "जिना रुंद करायचा प्रस्ताव आहे."

बिल्डरांचे प्रतिनिधी म्हणतात, "साहेब, आमचा शंभर टक्के पाठिंबा. फक्त तेवढी जागा एफएसआयमधून माफ करा, मंजूर बांधकामात मोजू नका."

नगररचनाकार म्हणतात, "माफ केलेल्या जागेची पुढे बेडरूम होते, साहेब."

कोपऱ्यात बसलेले अग्निशमन अधिकारी घसा खाकरतात. "जिना आहे तेवढाच असू द्या. त्यातली चपलांची कपाटं तेवढी हलवा."

सगळे गप्प. कारण कपाट बैठकीतल्या प्रत्येकाच्या दाराबाहेर आहे.

"पुढच्या बैठकीत घेऊ," उपायुक्त म्हणतात.

नगररचनाकारांची भीती काही हवेतली नाही. मुंबईत एके काळी फ्लॉवर बेड, कोनाडे, बाल्कन्या असे लाड एफएसआयमध्ये मोजत नसत. शहराने फुलांवर एवढं प्रेम केलं की फुलांचे वाफे थेट हॉलमध्ये येऊन बसले. शेवटी २०१२ च्या जानेवारीत महापालिकेने ते मोजायला सुरुवात केली, आणि बदल्यात निवासी इमारतींना ३५ टक्के जादा, म्हणजे फंजिबल, एफएसआय दिला, प्रीमियम भरून. चोरवाट बंद केली आणि तिथेच टोलनाका उघडला.

सव्वातीन चौरस फूट

उंच इमारतीत आसऱ्याची जागा असते, तिला सगळे रेफ्युज एरिया म्हणतात. २४ मीटर उंची ओलांडली की पहिला, मग दर १५ मीटरला एक. खालचा जिना धुराने भरला तर वरच्यांनी तिथे थांबायचं आणि जवानांची वाट पाहायची, असा हिशेब. राष्ट्रीय कोडात माणशी ०.३ चौरस मीटर जागा धरली आहे, म्हणजे सव्वातीन चौरस फूट. विरार फास्टच्या मानाने ऐसपैसच म्हणायची.

मुंबईच्या नियमांत ही जागा त्या मजल्यांच्या क्षेत्राच्या चार टक्क्यांच्या आसपास सोडली तर एफएसआयमध्ये धरत नाहीत. त्याहून फार जास्त सोडलीत, तर वरची जागा मोजली जाते. कारण सरळ आहे. मोकळीक दिली असती तर आसऱ्याच्या नावाखाली अख्खा क्लबहाऊस उभा राहिला असता. बिल्डर जागा चोरेल म्हणून माणसांच्या जिवाच्या जागेलासुद्धा वरची मर्यादा घालावी लागली, असं आपलं शहर.

आणि बिल्डर निघून गेल्यावर? तिथे कॅरम येतो. मग टेबल टेनिस. मग कुणाची तरी जुनी गादी, "दोनच दिवस" म्हणून ठेवलेली. गणपतीचं मखर. शेवटी सोसायटी ठराव करून दरवाजाला कुलूप लावते, कारण मुलं तिथे बसून सिगारेट ओढतात. सिगारेटमुळे आग लागू नये म्हणून आगीतून वाचायची जागा बंद! यापेक्षा जागरूक सोसायटी कुठे मिळेल?

सहा मीटर

डिसेंबर २०१३ मध्ये दादरच्या कोहिनूर प्रकल्पाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की इमारतीच्या बाजूने बंब जायचा तर सहा मीटर मोकळी जागा लागतेच, दीड मीटरवर भागत नाही. बंबाची रुंदी समजून घ्यायला आपल्याला दिल्लीपर्यंत जावं लागलं. मेजरिंग टेप घेऊन भायखळ्याच्या फायर स्टेशनात गेलो असतो तरी चाललं असतं, पण तिथे वकिलांना फी नसते.

तर न्यायालयाने सहा मीटर मिळवून दिले. आपण त्यांचं काय केलं? पांढऱ्या रंगाने चौकोन आखले, नंबर टाकले आणि पार्किंग म्हणून वाटून टाकले. एका चौकोनासाठी दोन सभासदांत पोलीस तक्रारी होतात. तिसरा सभासद चेअरमन होतो. बंब आला तर त्याने व्हिजिटर्स पार्किंगमध्ये उभं राहावं, रजिस्टरवर सही करावी आणि कुणाकडे जायचंय ते सांगावं. वॉचमन वर फोन लावून विचारेल.

वीस हजारांचं व्याज

६ ऑक्टोबर २०२३ ची पहाट. गोरेगावात उन्नतनगरला झोपडपट्टी पुनर्वसनातली जय भवानी इमारत. तळमजल्यावर पार्किंगमध्ये चिंध्यांचे गठ्ठे आणि दुचाक्या पेटल्या. ज्वाळा खाली राहिल्या, धूर जिन्याने आणि डक्टने वर गेला. लोक गाढ झोपेत. त्याच दिवशी सात जण गेले, बहुतेक धुराने.

इथे विनोद जमत नाही, हिशेब मात्र जमतो. पुनर्वसन योजनेत बिल्डरच्या वहीत दोन खाती असतात. विक्रीची इमारत जमेच्या बाजूला, झोपडीवाल्यांची खर्चाच्या बाजूला. खर्च कमी तर नफा जास्त, हे पाचवीतल्या पोराला कळतं. पूर्वी २२५ चौरस फुटांचं घर देताना पॅसेजला उजेड किती, डक्टला मजल्या-मजल्यावर बंदिस्ती आहे की नाही, हे पाहायला कोण जायचं? तेव्हाच्या नियमाप्रमाणे बिल्डरने देखभालीसाठी घरटी २०,००० रुपये ठेव ठेवायची होती. त्याच्या व्याजावर लिफ्ट चालवायची, टाकी धुवायची, जिन्यात दिवा लावायचा आणि आगीचा पंपही सज्ज ठेवायचा. हे गणित ज्याने मांडलं त्याच्या स्वतःच्या सोसायटीचा मेंटेनन्स महिन्याला किती येतो, ते एकदा विचारायला हवं.

आगीनंतर निर्णय काय झाला? अशा इमारतींना बाहेरून लोखंडी जिने लावायचे. कल्पना वाईट नाही. पण आतला जिना चिमणी का झाला, हा प्रश्न आत धुरातच राहिला. शिवाय बाहेरचा जिना लावायला बाहेर जागा हवी. तिथे चिंध्यांचे गठ्ठे आहेत.

स्वस्त एजन्सी

राज्याच्या कायद्याने एक फार चांगली गोष्ट केलेली आहे. इमारतीतली आगीची यंत्रणा चालू आहे, असं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून दर सहा महिन्यांनी घ्यायचं, जानेवारीत आणि जुलैत. यालाच फॉर्म बी म्हणतात. जबाबदारी कुणाची, तर मालकाची किंवा राहणाऱ्याची. म्हणजे तुमची. महापालिकेची नव्हे, बिल्डरचीही नव्हे. हा कायदा वाचून चेअरमनपदाच्या निवडणुका अचानक बिनविरोध का होतात, ते कळतं.

फॉर्म बीसाठी सोसायटी तीन कोटेशनं मागवते. पहिली एजन्सी म्हणते, पंप चालवून बघू, व्हॉल्व्ह बदलावे लागतील. महाग! दुसरी म्हणते, निदान होज पाइप उलगडून बघू. तीही महागच. तिसरी सगळ्यांत स्वस्त, कारण ती येतच नाही. आली तर पेट्रोल खर्च होईल. काम तिसरीला मिळतं, कमिटी पैसे वाचवल्याबद्दल वार्षिक सभेत टाळ्या घेते, आणि सिलिंडरवर नवा स्टिकर लागतो. आत पावडर गोठून दगड झाली असेल, स्टिकर मात्र ताजा.

पंपाचं पॅनल 'ऑटो'वर हवं, ते 'मॅन्युअल'वर असतं, कारण 'ऑटो'वर ठेवलं की जॉकी पंप रात्री-अपरात्री सुरू होतो आणि पहिल्या मजल्यावरच्या काकांची झोप मोडते. होज बॉक्सची काच फुटलेली, आतलं पितळी नोझल गायब. पितळेचा भाव बरा चाललाय. चोर निदान बाजारभाव बघून हात घालतो. आपण फुकट सोडून दिलेलं असतं.

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला आपण पोलिसाकरवी नळीत फुंकायला लावतो. तसं पंपाला कुणी फुंकायला लावत नाही. महापालिकेला कागद हवा, सोसायटीला कागद हवा, एजन्सीकडे कागद आहे. महाराष्ट्रात इतकं एकमत दुसऱ्या कुठल्या विषयावर झालेलं आठवतंय?

शिडीच्या वर

मुंबई अग्निशमन दलाची सगळ्यांत उंच शिडी नव्वद मीटरच्या आसपास जाते. म्हणजे साधारण तिसावा मजला, तोही खाली शिडीच्या गाडीला पाय रोवायला जागा मिळाली तर. त्याच्या वर राहणारा माणूस पूर्णपणे स्वतःच्या इमारतीच्या जिन्यावर आणि पंपावर अवलंबून. हा माणूस समुद्र दिसतो म्हणून दर मजल्यामागे जास्तीचे पैसे मोजतो. फ्लोअर राइज म्हणतात त्याला. त्याने पंपाची चाचणी एकदाही पाहिलेली नसते.

२२ ऑक्टोबर २०२१ ला करी रोडच्या अविघ्न पार्क या साठ मजली इमारतीत आग लागली, तेव्हा एकोणिसाव्या मजल्यावरून एक सुरक्षारक्षक खाली पडून गेला. तो तिथे राहत नव्हता. आग बघायला वर गेला होता. बारा तासांच्या ड्युटीवर खुर्चीतून उठलास म्हणून ज्याला रोज ओरडा बसतो, त्याने आग लागली की सगळ्यांत आधी पळायचं ते वरच्या दिशेने.

आणि परळची क्रिस्टल टॉवर. २२ ऑगस्ट २०१८. चार मृत्यू. वर्षानुवर्षं लोक राहत होते, इमारतीला ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, नव्हती, आगीची यंत्रणा चालली नाही. त्या धुरात दहा वर्षांच्या एका मुलीने शेजाऱ्यांना सांगितलं, सुती कापड ओलं करून नाकाला लावा. शाळेत शिकली होती. अख्ख्या टॉवरमध्ये त्या दिवशी चाललेली यंत्रणा ती तेवढीच, आणि तिला कुणी एनओसी दिलेली नव्हती. पुढे तिला शौर्य पुरस्कार मिळाला. आनंद आहे. पण दहा वर्षांच्या मुलीला शूर व्हावं लागतं तेव्हा पन्नाशीतल्या किती जणांनी आपापली सही नीट केलेली नसते, याचाही एखादा पुरस्कार ठेवायला हरकत नाही.

आपला वाटा

इथपर्यंत वाचून वाचक खूश असेल. सरकार, महापालिका, बिल्डर, सगळ्यांना बरोबर झोडलं. आता जरा दिवाणखान्याची खिडकी बघू या. बाहेर दोन फूट काढलेली बॉक्स ग्रिल आहे ना? कुंड्या, वाळत घातलेले टॉवेल, फुकट मिळालेले बारा-पंधरा चौरस फूट. उघडता येणारी झडप नाही, असली तर तिची किल्ली कुठे आहे ते आठवत नाही. चोर आत येऊ नये याची पक्की सोय. जवानही येणार नाही.

दाराबाहेर सेफ्टी डोअर दीड फूट पुढे सरकवलं आहे. पॅसेज सगळ्यांचा, पण कोपरा आपला. गच्चीला कुलूप, किल्ली सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी गावी. फायर डोअर आपोआप मिटावं म्हणून यंत्र बसवलेलं, ते मिटू नये म्हणून खाली वीट. इलेक्ट्रिक डक्टमध्ये रद्दी, कारण रद्दीवाला महिन्याने येतो. आणि मुंबईतल्या आगी बहुतेक विजेच्या दोषाने लागतात, हे अग्निशमन दल दर वेळी सांगतं. आपण दर वेळी ऐकतो आणि एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर गीझर आणि इस्त्री लावतो.

बिल्डर मोठे चौरस फूट खातो, आपण उरलेसुरले. फरक फक्त भुकेचा.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबई गोदीतल्या स्फोटात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या आठवणीत दर वर्षी १४ एप्रिलपासून आगसुरक्षा सप्ताह पाळतात. सोसायटीत मॉक ड्रिल होतं. सायरन वाजतो. जवान खाली घामाघूम, आणि रहिवासी? ते खिडकीतून मोबाइल बाहेर काढून व्हिडिओ घेत असतात. ग्रिलमधून हात तेवढाच बाहेर येतो.

एक ठराव

तेव्हा सरकारच्या आढाव्याला आपल्या शुभेच्छा. नियम सुधारा, कलमं वाढवा, मसुद्याला एकदाचं उठवून बसवा. पण त्याची वाट बघत बसायचं कारण नाही. लागणारा २००६ चा कायदा आपल्याच ऑफिसात फ्रेममध्ये लटकतो आहे.

येत्या वार्षिक सभेत लिफ्टच्या रंगावर तासभर भांडून झालं की एक छोटा ठराव मांडा. फॉर्म बीचं बिल द्यायच्या आधी एजन्सीने सभासदांसमोर पंप सुरू करायचा आणि सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या होजमधून पाणी काढून दाखवायचं. पाणी आलं तर चेक, नाहीतर नमस्कार. काम अर्ध्या तासाचं आहे.

ठराव बहुधा नामंजूर होईल. "उगाच कशाला, पॅसेज ओला होतो" असं कुणीतरी म्हणेल आणि चारजण माना डोलावतील. होऊ द्या. तुम्ही फक्त एवढंच बघा, की ठराव कुणी मांडला आणि विरोधात कोण बोललं, हे इतिवृत्तात नावानिशी लिहिलं जाईल. सोसायटीचं इतिवृत्त एरवी कुणी वाचत नाही. पंचनाम्याला आलेला पोलीस मात्र तेच आधी मागतो.